खेकडा कोणता, यापेक्षा तो कसा पकडला ते विचारा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर चेसापीक नावाचा मोठा उपसागर आहे. तिथे निळ्या खेकड्याच्या माद्या किती उरल्या आहेत याचा अंदाज दर हिवाळ्यात घेतला जातो. आकडा ठरलेल्या रेषेजवळ घसरला की नियम कडक होतात. हाच निळा खेकडा, बहुधा जहाजांच्या समतोलासाठी भरलेल्या पाण्यातून, भूमध्य समुद्रात पोहोचला. 2023 च्या उन्हाळ्यात इटलीत पो नदीच्या मुखाशी तो इतका माजला की तिथली शिंपल्यांची शेती उद्ध्वस्त झाली. तो पकडून काढावा म्हणून इटलीच्या सरकारने 29 लाख युरो मंजूर केले. एका किनाऱ्यावर त्याच्या माद्या राखण्याची धडपड चालते, तर दुसरीकडे सापडतील तेवढे काढण्याची घाई. प्राणी मात्र एकच.

रेड किंग क्रॅबचंही तसंच. पॅसिफिकच्या उत्तर टोकाला हे त्याचं मूळ घर. 1960 च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तो मुद्दाम बॅरेंट्स समुद्रात नेऊन सोडला. तिथून तो पसरत नॉर्वेच्या किनाऱ्याला आला. आता नॉर्वेत 26 अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला तो ठरलेल्या कोट्यात पकडतात, कारण त्यावर लोकांची पोटं चालतात. त्या रेषेच्या पश्चिमेला मात्र कितीही पकडण्याची मुभा आहे, म्हणजे तो पुढे सरकणार नाही.

'कोणत्या जातीचा खेकडा खाल्ला तर समुद्राचं नुकसान होत नाही?' हा प्रश्न लोक प्रामाणिकपणे विचारतात. पण नुसत्या जातीच्या नावावरून त्याचं उत्तर निघत नाही. शाश्वत मासेमारीचा अर्थ सांगायला सोपा आहे. समुद्रात जेवढं पुन्हा भरून येतं तेवढंच काढायचं, आणि काढताना इतर जीव आणि समुद्रतळ यांची नासधूस करायची नाही. हे जमतंय की नाही ते मात्र कोणत्या पाण्यात, कोणत्या साधनाने, वर्षाच्या कोणत्या काळात आणि कोणाच्या देखरेखीखाली पकडलं यावर ठरतं. ते नीट कळायचं तर आधी खेकड्याचं आयुष्य समजून घ्यावं लागेल.

खेकड्याचं कवच वाढत नाही. अंग वाढलं की तो जुनं कवच टाकून देतो, आत तयार झालेल्या मऊ नव्या कवचात पाणी शोषून फुगतो आणि मग ते कवच कडक होऊ देतो. पुढचे काही आठवडे तो आतून जवळजवळ रिकामा असतो. मांस कमी, पाणी जास्त. या अवस्थेत त्याला पकडलं, उलटसुलट केलं आणि परत फेकलं तरी तो मरण्याचा धोका बराच असतो. म्हणून चांगल्या व्यवस्थेत हंगाम कवच कडक झाल्यावरच उघडतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर तर हंगामाआधी नमुन्याचे खेकडे पकडून त्यांच्यात मांस किती भरलंय ते तपासतात, आणि ते पुरेसं नसेल तर तारीख पुढे ढकलतात.

कवच टाकण्यामुळे आणखी एक अडचण होते. माशाचं वय त्याच्या कानातल्या हाडासारख्या खड्यावरच्या वलयांवरून मोजता येतं. खेकडा आपली कडक अंगं कवचाबरोबर टाकून देतो, त्यामुळे वयाची अशी नोंद त्याच्या अंगावर उरत नाही. मोठा दिसणारा खेकडा किती वर्षांचा हे आकारावरून अंदाजानेच सांगावं लागतं. साठ्याचा हिशोब करणाऱ्यांसाठी ही मोठी उणीव आहे, कारण कोणत्या वर्षीची पिढी किती मोठी होती हे ठाऊक नसेल तर पुढच्या वर्षी किती काढता येईल ते सांगणं कठीण.

आता पिल्लांकडे पाहू. एक मादी एका खेपेला लाखो अंडी पोटाखाली वागवते. ती फुटली की बाहेर पडतात सूक्ष्म अळ्या. खेकड्याशी त्यांचं काही साम्य नसतं. त्या कित्येक आठवडे, काही जातींत महिनोन्महिने, प्रवाहाबरोबर वाहत राहतात. प्रवाहाने किनाऱ्याकडे आणलं तर जगतात, खोल समुद्राकडे नेलं तर संपतात. म्हणून खेकड्यांची संख्या मासेमारी नसली तरी वर्षागणिक प्रचंड वरखाली होते. अमेरिकेत ओरेगॉनच्या किनाऱ्यावर संशोधक दिव्याच्या सापळ्यात डंजनेस खेकड्याच्या किनाऱ्याला लागणाऱ्या अळ्या वर्षानुवर्षं मोजत आले आहेत. त्या मोजणीचा संबंध साधारण चार वर्षांनंतर बोटींवर येणाऱ्या खेकड्यांशी लागतो. एखाद्या वर्षी खेकडे उदंड आले म्हणजे व्यवस्था उत्तम चालली आहे, असं समजणं म्हणूनच धोक्याचं.

डंजनेसचं उदाहरण थोडं सविस्तर सांगतो, कारण खेकड्यांच्या बाबतीत साधा नियम किती लांब पोहोचतो ते त्यात दिसतं. कॅलिफोर्निया, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या तिन्ही राज्यांत व्यावसायिक मासेमारीचा पाया तीन गोष्टींचा आहे: आकार, लिंग, हंगाम. कवचाची रुंदी 159 मिलिमीटर, म्हणजे सव्वासहा इंच, भरली पाहिजे. खेकडा नर असला पाहिजे. आणि कवच बदलण्याचा काळ टळलेला असला पाहिजे. एवढंच. या आकाराला पोहोचण्याच्या एक-दोन वर्षं आधीच नर प्रजननक्षम झालेला असतो, म्हणजे तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत निदान एकदा तरी त्याची वीण झालेली असते. मादीला हात लावायचा नाही, त्यामुळे अंडी देणारी फौज पाण्यातच राहते. दर हंगामात आकारात बसणाऱ्या नरांपैकी बहुतांश पकडले जातात, तरीही ही मासेमारी पिढ्यानपिढ्या टिकली आहे.

हे शक्य होतं ते खेकड्याच्या अंगच्या दोन गुणांमुळे. पहिला, नर-मादी ओळखायला कसलं यंत्र लागत नाही. खेकडा उलटा करा. पोटाखालची झडप निमुळती असेल तर नर, रुंद आणि गोलसर असेल तर मादी. दुसरा, पिंजऱ्यातून वर आलेला खेकडा जिवंत असतो. खोल पाण्यातून वर ओढलेल्या अनेक माशांचं तसं नसतं, दाबातल्या बदलाने ते मरतात किंवा मरणपंथाला लागतात. खेकडा मोजून, पाहून, परत पाण्यात सोडता येतो आणि तो चालू लागतो. पिंजऱ्याला विशिष्ट मापाची वर्तुळाकार भोकं ठेवली तर लहान खेकडे वर येण्याआधीच निघून जातात. निवडून घेण्याची इतकी सोय समुद्रातल्या फार थोड्या शिकारीत आहे.

पण 'फक्त नर' हा नियम सगळीकडे चालेल असं समजू नका. चेसापीकच्या निळ्या खेकड्यात मादीचीही मासेमारी होते, आणि तिथली गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. या जातीची मादी आयुष्यात एकदाच, शेवटचं कवच टाकल्यावर, नराशी जुळते. त्या वेळचं बीज ती साठवून ठेवते आणि त्यावर पुढे अनेक वेळा अंडी घालते. नंतर ती उपसागराच्या मुखाकडे, खाऱ्या पाण्याकडे जाते आणि हिवाळ्यात तिथल्या चिखलात रुतून बसते. व्हर्जिनियात हिवाळ्यात दातेरी खोऱ्यांनी हा चिखल खरवडून खेकडे काढायची जुनी पद्धत होती. त्यात सापडायच्या त्या प्रामुख्याने याच माद्या, वसंतात अंडी घालणार असलेल्या.

2008 साली साठा इतका खालावला की अमेरिकी केंद्र सरकारने तिथली मासेमारी संकटात असल्याचं अधिकृतपणे जाहीर केलं. व्हर्जिनियाने हिवाळी खरवड बंद केली. मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन्ही राज्यांनी मिळून माद्यांची पकड 34 टक्क्यांनी कमी करण्याचं ठरवलं. चार वर्षांत, 2012 च्या मोजणीत, खेकड्यांची एकूण संख्या 76 कोटींच्या वर गेली होती. खरवड बंद झाल्यावर रिकाम्या झालेल्या मच्छीमारांना एक वेगळं काम मिळालं. समुद्रतळाशी हरवून पडलेले पिंजरे शोधून बाहेर काढायचे. काही वर्षांत त्यांनी 34 हजारांहून अधिक पिंजरे काढले. ज्यांचं काम थांबलं त्यांच्याच हाती दुरुस्तीचं काम द्यायचं, ही मला या सगळ्या कथेतली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते.

तरीही 2022 च्या मोजणीत एकूण आकडा जेमतेम 22.7 कोटींवर आला. 1990 पासूनचा हा सर्वांत खालचा आकडा. अंडी देणाऱ्या माद्या तेव्हाही धोक्याच्या रेषेच्या वर होत्या. कमी पडत होती ती नवी पिढी. त्या पाण्यात माणसानेच आणून सोडलेला ब्लू कॅटफिश हा मासा खेकड्यांची पिल्लं खातो, हे संशयितांपैकी एक कारण. मासेमारीचा लगाम खेचून सुटेल असा हा भाग नव्हता.

हरवलेल्या पिंजऱ्यांचा मुद्दा थोडा थांबून पाहायला हवा. वादळात दोर तुटतो, जहाजाच्या पंख्यात पिंजऱ्याची जागा दाखवणारा तरंगता बोया कापला जातो, आणि पिंजरा तळाशी राहतो. आत शिरलेला खेकडा बाहेर पडू शकत नाही, उपासमारीने मरतो, त्याच्या वासाने दुसरा येतो. मालक नाही, बोट नाही, पण पिंजरा पकडतच राहतो. धातूच्या तारेचा, प्लास्टिकचा मुलामा दिलेला पिंजरा असं बराच काळ करू शकतो. यावरचा उपाय स्वस्त आहे. पिंजऱ्याच्या दाराचा किंवा भिंतीचा एक भाग सुती दोऱ्याने शिवायचा. पाण्यात काही महिन्यांत दोरा कुजतो आणि वाट मोकळी होते. अलास्कापासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या राज्यांपर्यंत हे नियमाने बंधनकारक आहे. चेसापीकसारख्या उथळ पाण्यात आणखी एक बळी असतो, डायमंडबॅक टेरापिन नावाचं कासव. ते आमिषाला पिंजऱ्यात शिरतं आणि हवा न मिळाल्याने बुडून मरतं. पिंजऱ्याच्या तोंडाला एक आयताकृती चौकट बसवली की खेकडा शिरतो, मोठं कासव शिरत नाही.

पिंजऱ्याचा वर जाणारा दोर हे वेगळंच दुखणं. 2014 ते 2016 या काळात पॅसिफिकच्या ईशान्य भागात पाणी असाधारण तापलं. त्यात एका सूक्ष्म शैवालाची मोठी लाट आली. ते डोमोइक आम्ल नावाचं विष तयार करतं. हे विष खेकड्याच्या अंगात, विशेषतः आतल्या अवयवांत साठतं आणि शिजवून जात नाही. म्हणून 2015 च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाचा डंजनेस हंगाम उघडलाच नाही. उघडला तो 2016 च्या मार्च अखेरीस. नेमके तेव्हा हंपबॅक देवमासे तिथे खाण्यासाठी येत होते, आणि गरम पाण्यामुळे त्यांचं खाद्य किनाऱ्याजवळ एकवटलं होतं. पिंजऱ्यांचे दोर आणि देवमासे एकाच पट्ट्यात आले. त्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावर देवमासे दोरात अडकल्याच्या 70 हून अधिक नोंदी झाल्या. सगळ्या खेकड्यांच्या दोरांच्या नव्हत्या, पण ओळखता आलेल्या दोरांत त्यांचा वाटा मोठा होता.

यातून न्यायालयीन खटला झाला, तडजोड झाली, आणि आता कॅलिफोर्नियात हंगाम उघडायचा की थांबवायचा हे देवमाशांच्या पाहणीवरही ठरतं. काही मच्छीमार नव्या पद्धतीच्या पिंजऱ्यांची चाचणी घेत आहेत. त्यात दोर आणि बोया पिंजऱ्यासोबत तळाशीच असतात. बोटीतून ध्वनिसंकेत दिला की बोया सुटून वर येतो. महागडं आहे, पण दिशा बरोबर आहे. खेकड्यांची संख्या उत्तम असूनही मासेमारी शाश्वत नसू शकते, हे या प्रकरणाने शिकवलं.

उलटही होतं. मासेमारी नीट, आणि खेकडेच नाहीत. अलास्का आणि रशिया यांच्यामधल्या बेरिंग समुद्रातला स्नो क्रॅब हे त्याचं सर्वांत जाचणारं उदाहरण. तिथे फक्त नर पकडतात, दर उन्हाळ्यात शास्त्रीय पाहणी होते, एकूण पकडीवर मर्यादा असते. 2005 पर्यंत तिथे सगळ्या बोटी एकदम तुटून पडत आणि हंगाम काही दिवसांत संपे. वादळातही बोटी निघत, माणसं मरत. त्या वर्षापासून प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून दिला, तेव्हा ती जीवघेणी शर्यत थांबली. कागदावर पाहिलं तर जगातल्या सर्वांत काटेकोर व्यवस्थांपैकी एक.

2018 मध्ये तिथे स्नो क्रॅब विक्रमी संख्येने होते. 2021 च्या पाहणीपर्यंत 1000 कोटींहून अधिक खेकडे नाहीसे झाले होते. ऑक्टोबर 2022 मध्ये अलास्काने स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदाच रद्द केला. पुढच्या वर्षी 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने त्यामागची साखळी जोडली. हा खेकडा हिवाळी बर्फामुळे तळाशी राहणाऱ्या अतिथंड पाण्यात वाढतो. 2018 आणि 2019 मध्ये ते पाणी तापलं. प्रयोगशाळेतल्या मोजमापांनुसार शून्य अंशावरून तीन अंशांवर गेल्यावर या खेकड्याची अन्नाची गरज जवळजवळ दुप्पट होते. संख्या प्रचंड, जागा आखडलेली, भूक दुप्पट. बहुतांश खेकडे उपासमारीने मेले असावेत, असा त्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. 2024 मध्ये हंगाम पुन्हा उघडला तो सुमारे 2,100 टनांच्या छोट्याशा कोट्यावर.

या घटनेतून काहीजण 'मग नियमांचा उपयोग काय' असं म्हणतात. मला ते पटत नाही. पाहणी होती म्हणून ऱ्हास कळला, आणि मर्यादा लावण्याचा अधिकार होता म्हणून उरलेल्या खेकड्यांवर पिंजरे पडले नाहीत. जिथे कोणी मोजतच नाही तिथे असा ऱ्हास अनेक वर्षं कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण एवढं खरं की तापत्या समुद्रात कोणत्याही साठ्याला कायमचं 'सुरक्षित' म्हणता येत नाही. पाच वर्षांपूर्वीची शिफारस आज जशीच्या तशी धरू नये.

फ्लोरिडाच्या स्टोन क्रॅबबद्दल लोकांना फार कौतुक असतं, कारण तिथे खेकडा मारत नाहीत. नांगी काढून घेतात, खेकडा परत सोडतात, नांगी पुन्हा उगवते. ऐकायला हे आदर्श वाटतं. प्रत्यक्षात नांगी नेमक्या सांध्यावर सुटली नाही तर जखम भरत नाही आणि खेकडा मरतो. नीट सुटली तरी पुन्हा पुरेशी मोठी होण्यासाठी त्याला कवच टाकावं लागतं, आणि म्हातारे खेकडे कवच क्वचितच टाकतात. दोन्ही नांग्या घ्यायला कायद्याची परवानगी आहे, पण तसं केल्यास मरण्याचं प्रमाण बरंच वाढतं. बाजारात येणाऱ्या नांग्यांत पुन्हा उगवलेल्या नांग्यांचा वाटा लहानच असतो. पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाही. अंडी असलेल्या मादीला हात लावायचा नाही, हंगाम ठरलेला, आणि नांगीचं किमान मापही 2020 मध्ये वाढवून 73 मिलिमीटर केलं. मात्र 'पुन्हा उगवते' या दोन शब्दांवर सगळं सोपवू नये.

खाणाऱ्याच्या हातात यातलं किती असतं? डबाबंद किंवा गोठवलेल्या मालावर काही मानचिन्हं दिसतात. त्यांपैकी सर्वांत पसरलेलं मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलचं. 1997 साली स्थापन झालेली ही संस्था जातीला नव्हे तर विशिष्ट मासेमारीला प्रमाणपत्र देते. साठा टिकून आहे का, परिसरावर परिणाम काय, देखरेख खरोखर चालते का, हे तीन प्रश्न ती विचारते. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पील-हार्वी खाडीतल्या निळ्या पोहणाऱ्या खेकड्याला (ही चेसापीकच्या निळ्या खेकड्याहून वेगळी जात) 2016 मध्ये असं प्रमाणपत्र मिळालं. त्यात व्यावसायिकांबरोबर हौशीने खेकडे धरणारेही तपासले गेले होते, आणि असं जगात पहिल्यांदाच घडलं. मला हे महत्त्वाचं वाटतं. खेकड्याला त्याला पकडणारा हौशी आहे की धंदेवाईक, याने काही फरक पडत नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे मासेमारी वाईट, असं मात्र नव्हे. तपासणीचा खर्च लहान होड्यांच्या समूहांना परवडतोच असं नाही.

डब्यातल्या मांसाबाबत जास्त सावध राहावं लागतं. आग्नेय आशियातून मोठ्या प्रमाणावर येणारं निळ्या पोहणाऱ्या खेकड्याचं मांस बहुतांशी लहान होड्यांवरच्या पिंजऱ्यांतून आणि तळाशी लावलेल्या जाळ्यांतून येतं. जाळ्यात पिल्लं, अंडी असलेल्या माद्या आणि इतर जीवही अडकतात. इंडोनेशियाने 2015 मध्ये 10 सेंटिमीटरपेक्षा लहान खेकडे आणि अंडी असलेल्या माद्या पकडण्यावर बंदी घातली. पण हजारो होड्या, विखुरलेले किनारे, आणि मांस सोलण्याचं काम गावोगावच्या छोट्या शेडमध्ये. खेकडा सोलला की त्याचा आकार आणि लिंग दोन्ही पुसलं जातं. नियम पाळला की मोडला हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. कधी जातसुद्धा सांगता येत नाही. ओशियाना या संस्थेने 2015 मध्ये चेसापीकच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या क्रॅब केकचे, म्हणजे खेकड्याच्या मांसाच्या वड्यांचे, नमुने डीएनए चाचणीने तपासले, तेव्हा 38 टक्क्यांत भलत्याच, आयात केलेल्या जाती निघाल्या.

म्हणून शक्य असेल तेव्हा अख्खा खेकडा घ्या. त्याच्याकडे पाहून निम्मी माहिती मिळते. पोटाखाली अंड्यांचा गुच्छ असेल तर तो नको, कायदा काहीही म्हणो. आकारमानाने मोठा पण हातात हलका लागला, कवच दाबल्यावर लवलं, तर त्याने नुकतंच कवच बदललंय. तो पकडायलाच नको होता, आणि आत मांसही फारसं नसेल. त्या जातीत नर-मादी दोन्ही मिळत असतील तर नर घ्या. उरलेली माहिती विचारूनच मिळते: कुठल्या पाण्यातला, आणि पिंजऱ्याने, जाळ्याने की तळ खरवडणाऱ्या ट्रॉलने. विक्रेत्याला ठाऊक नसेल तर तेही एक उत्तरच आहे.

आणि 'हा तर पाळलेला आहे' असं कुणी सांगितलं तर एक प्रश्न पुढचा विचारा. चिखलातल्या मोठ्या खेकड्याचं संवर्धन करणाऱ्या अनेक तळ्यांत सोडायची पिल्लं कांदळवनांतून धरून आणलेली असतात. काही ठिकाणी तर मऊ कवचाचे पूर्ण वाढलेले खेकडे पकडून नुसते भरवले जातात. अशा तळ्याचा सगळा भार शेवटी रानातल्याच साठ्यावर पडतो. पिल्लं प्रजनन केंद्रातली आहेत का, हे विचारल्याशिवाय 'पाळलेला' या शब्दाला अर्थ नाही.